सापडले आणि फसले : मंडळाच्या नोंदवहीवरून

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायला बसलो आणि पहिलीच अडचण नावाची आली. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या, ऐकणाऱ्या आपल्या मंडळाला नाव नाही. पहिल्या बैठकीत तीन नावे सुचली होती. एक फार शास्त्रीय वाटले, दुसरे ऑर्केस्ट्रासारखे वाटले आणि तिसरे एका बँडवाल्याने आधीच घेतलेले निघाले. पुढच्या बैठकीत ठरवू, असे ठरले. ती पुढची बैठक अजून व्हायची आहे. नाव नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि खाते नाही म्हणून आजवर अफरातफरही नाही. चहाची वर्गणी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात जमते आणि त्याच आठवड्यात चहात जाते.

नाव नसले तरी वही आहे. हा इतिहास त्या वहीवरून लिहिला आहे.

आरंभ

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, बदलून आलेली माणसे नवी. अशा दिवसांत कादराबादेतल्या एका माडीवर चार जण रविवारी संध्याकाळी जमू लागले. एक वकीलसाहेब, एक मोंढ्यातले आडते, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, एक शाळेत गाणे शिकवणाऱ्या बाई, आणि रेडिओ दुरुस्त करणारे मामू. मामूंना शेरोशायरीचा नाद होता. सायकलवरून वर्तमानपत्रे वाटत गझला लिहिणाऱ्या शम्स जालनवींच्या गावात रेडिओवाल्याने बोलता बोलता शेर म्हणावा, यात कुणालाच नवल वाटत नसे. चौघांत मिळून एक चावीचा ग्रामोफोन, एक विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आणि जेमतेम दोन ट्रंका भरतील एवढ्या तबकड्या होत्या.

वही शेठजींनी दुकानातून आणली. लाल कापडी बांधणीची, लांबुळकी, आडतीच्या हिशेबाची. तिच्यात ‘जमा’ आणि ‘नावे’ असे रकाने आधीच आखलेले होते. वकीलसाहेबांनी ते शब्द खोडून डावीकडे ‘सापडले’ आणि उजवीकडे ‘फसले’ असे लिहिले. मंडळाची घटना म्हणाल तर एवढीच. प्रत्येकाने येताना नवे सापडलेले काहीतरी आणायचे, किंवा गाण्याच्या नादात काय फसले ते सांगायचे. दोन्ही नसेल त्याने भजी आणायची.

उजव्या रकान्यातली पहिली नोंद वकीलसाहेबांच्या हस्ताक्षरात आहे. ‘शेठजी अब्दुल करीम खाँसाहेबांवर बसले. खाँसाहेब गेले. शेठजी सुखरूप.’ गादीवर ठेवलेली तबकडी चादरीखाली गेली होती आणि ती चादरीखाली आहे हे शेठजींना बसल्यावर कळले. ज्या खाँसाहेबांची तबकडी ऐकून झपाटलेल्या भीमसेन जोशींनी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडले, त्यांच्या तबकडीचे आपल्या मंडळात हे असे झाले. बाई त्या दिवशी चहा न घेता गेल्या. पुढच्या रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी आल्या. तेव्हापासून तबकडी फुटल्याचा दिवसच मंडळाचा स्थापना दिवस मानला जातो.

लाखेचे दिवस

खाँसाहेब इतक्या सहज का गेले, याचे उत्तर मामूंनी तेव्हाच दिले. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. दगडाची पूड आणि काजळी लाखेत मळून ती दाबतात. बांगडी लाखेची, तबकडी लाखेची; दोन्हींचा शेवट एकाच आवाजात. भारताची लाख परदेशी जायची आणि तबकडी होऊन परत यायची. १९०२ मध्ये मुद्रण करणारा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, नोव्हेंबरात त्याने गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, आणि त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण ते कळावे म्हणून गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगतात. मामूंना ही रीत इतकी आवडली की बैठकीत कुणी शेर म्हटला की शेवटी त्याच थाटात नाव सांगावेच लागे. बाईंनी एकदा यमन गाऊन दाखवला आणि लाजत लाजत नाव सांगितले, अशी नोंद आहे. रकाना ‘सापडले’.

लाखेच्या तबकडीने मंडळाला जे धडे दिले त्यातला सर्वांत महाग धडा माझ्या हातून घडला. मी तेव्हा नवीन होतो. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसतात हे मला माहीत होते, म्हणून धूळ बसलेली एक तबकडी मी उत्साहाने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसली. बोळा काळा होत गेला. मला वाटले, किती मळ! दुसरा बोळा घेतला, तोही काळा झाला. तिसऱ्या बोळ्याला मामू खोलीत आले आणि माझा हात धरून म्हणाले, “बेटा, तू मळ नाही, गाणं पुसतोयस.” स्पिरिटमध्ये लाख विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतात ते लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवूनच. त्या तबकडीची एक बाजू आजही वाजते. दुसऱ्या बाजूवर पावसाचा आवाज येतो.

फेऱ्यांचा घोळ तर मंडळाच्या पाचवीलाच पुजलेला. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीचे, कधी कधी तर प्रत्येक वेळचे मुद्रण वेगळ्या गतीने होई. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. अशा तबकड्या आजच्या यंत्रावर लावल्या की गाणाऱ्याची पट्टी बदलते आणि जमलेले लोक घराण्यावर वाद घालू लागतात. एका रविवारी दोन तास ‘हा आवाज बाईचा की बुवाचा’ यावर गेले. शेवटी बाईंनी पेटीवर स्वर धरून गती कमी करायला लावली, तेव्हा आवाज बुवांचा निघाला आणि दोन्ही बाजूंचे लोक आपलेच म्हणणे खरे ठरले म्हणून घरी गेले. त्यानंतर मामूंनी एक पुठ्ठ्याची चकती केली. कडेने ७७ काळ्या रेघा. आपल्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात चकती फिरवली आणि रेघा एका जागी उभ्या दिसल्या की गती बरोबर. गणित केले तर ती गती ७८ नव्हे, ७७.९२ भरते. गेलेल्या गतीचा हिशेब ‘फसले’मध्ये मांडावा, अशी सूचना शेठजींनी केली होती. ती बहुमताने फेटाळली गेली.

काय काय सापडले

डावा रकाना वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. तबकडी क्वचितच दुकानात सापडली. ती माळ्यावर सापडली, सासुरवाडीला सापडली आणि सर्वांत जास्त भंगारात सापडली. जालन्यात लोखंडी सळईचे कारखाने आहेत आणि भट्टीला भंगार लागते, म्हणून कुठकुठल्या गावांचे लोखंड ट्रकांनी इथे येते. त्या ढिगात सायकलींच्या चौकटी, कुलरच्या जाळ्या आणि कधीतरी ग्रामोफोनचा कर्णा निघतो. आपल्याकडचे दुसरे चावीचे यंत्र असेच भट्टीच्या दारातून परत आले. वजनावर घेतले. कर्णा आणि स्प्रिंग वेगवेगळ्या ट्रकमधून आल्या.

काही सापडलेल्या गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. मेहकरकडच्या एका सभासदाने आजोबांच्या पेटीतून जी. एन. जोशी यांची एक तबकडी आणली. कविता मेहकरचेच ना. घ. देशपांडे यांची, ‘शीळ’. मराठी भावगीताच्या इतिहासात या तबकडीचे नाव पहिल्या ओळीत येते, आणि ती त्यांच्या घरी पापडाच्या डब्याचे झाकण म्हणून काम करत होती. हेच जोशी मूळचे वकील. पुढे एचएमव्हीत मुद्रणाचे काम पाहू लागले. वकीलसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी आठवडाभर कोर्टात गुणगुणत काम केले.

१९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपीही जोशींच्याच देखरेखीखाली निघालेली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा पहाट ते रात्र असा दिवस त्यात रागांनी मांडला आहे. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा भोकरदनकडचा एक सभासद बसलेला होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. सगळी बाजू त्याने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, “छान आहे. पण पहाटे कुत्री भुंकत नाहीत म्हणजे हा मेंढपाळ उशिरा उठतो.” ही टीका वहीत जशीच्या तशी आहे.

‘महल’ या १९४९ च्या चित्रपटाच्या तबकडीने तर मंडळ फुटायची वेळ आणली. मामूंना मिळालेल्या त्या तबकडीच्या लेबलवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे होते. ही कामिनी कोण? अर्ध्यांनी तिला लाहोरला धाडले, एकाने ती आपल्या मावशीची मैत्रीण असल्याचे सांगितले. खरे तर कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. तेव्हाची रीतच तशी होती. पडद्यावरच्या पात्राचे नाव छापायचे. गाणे रेडिओवर लागल्यावर श्रोत्यांनी गाणारी कोण म्हणून पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आले. बाईंनी हे पुढच्या रविवारी सांगितले. मावशीची मैत्रीण त्यानंतर कधी निघाली नाही.

मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि सुरेश चांदवणकर व त्यांचे सहकारी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढू लागले. त्यातले अंक हाती आल्यावर आपल्या मंडळाची दृष्टी बदलली. लेबलापलीकडे, तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे वाचायची सवय लागली. ‘कुत्र्याची रेकॉर्ड’ एवढेच न म्हणता ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया असे वेगळे गठ्ठे झाले. आपण करतो तो नाद नसून दस्तऐवजाचे काम आहे, असे वकीलसाहेब घरी सांगू लागले. घरच्यांवर परिणाम झाला नाही.

शोधाची सर्वांत मोठी गोष्ट मात्र आपली नाही, न्यूयॉर्कची आहे, आणि दर वर्धापनदिनाला ती कुणीतरी सांगतेच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचे संगीत धाडायचे ठरले. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला १६ २/३ फेरे. भारताकडून गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी निवडली गेली. पण तबकडी मिळेना. संगीत जमवणाऱ्या गटातल्या अ‍ॅन ड्रुयन यांनी शोध शोध शोधली आणि ती अखेर लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या एका खोक्यात सापडली. मुद्रणाच्या भानगडीत फारसे न पडणाऱ्या केसरबाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेला आहे, तो टेबलाखालच्या खोक्यातून. म्हणून मंडळाचा नियम आहे : टेबलाखाली पाहिल्याशिवाय कुणाच्या घरून निघायचे नाही.

भारनियमन आणि चावीदार

नव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षे मराठवाड्याला विजेच्या वेळापत्रकाने चालवली. आपल्या बैठकीचेही तेच. एलपी रंगात आली की वीज जायची. वीज जाताच यंत्र एकदम थांबत नाही. गती हळूहळू पडते. गायिकेचा आवाज आधी जाड होई, मग बुवांसारखा, मग रेड्यासारखा, आणि एका खोल हुंकारावर सगळे थांबे. ‘ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद म्हणवले, महावितरणने ख्याल’, अशी त्या काळातली एक नोंद आहे. कुणी यंत्राचा खटका बंद केलेला नसे, म्हणून वीज आली की गाणे रेड्यापासून परत बाईपर्यंत चढत जाई. हा प्रकार पाहायला शेजारची मुले मुद्दाम भारनियमनाची वेळ साधून येत.

त्याच अंधाराने मंडळाला चावीच्या यंत्राकडे परत नेले. त्याला वीज लागत नाही. कंदील लावायचा, चावी द्यायची, एका बाजूला एक नवी सुई. लोखंडी सुई एका वाजवणीत झिजते. तीच पुन्हा वापरली तर तबकडी खरवडते, म्हणून सुयांची डबी आणि झिजलेल्या सुयांची वाटी शेजारी शेजारी. अडचण एकच. तीन मिनिटांच्या गाण्यात स्प्रिंग सैल पडली की शेवटची तान ढेपाळते. म्हणून ‘चावीदार’ हे पद निर्माण झाले. मंडळात निवडणूक होते ती फक्त या पदाची. उमेदवाराचा दंड भक्कम हवा आणि त्याला गाणे फारसे आवडायला नको. आवडले की तो चावी द्यायचे विसरतो. एक चावीदार याच कारणावरून पदमुक्त झाला. तो आज मंडळातला सर्वांत चांगला श्रोता आहे.

मे महिन्याचे नुकसान मात्र कुठल्याच पदाने टळले नाही. पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या एलपी एका उन्हाळ्यात पापडासारख्या वाकल्या. वाजवताना सुई डोंगर चढून उतरते आणि प्रत्येक फेऱ्यात सूर एकदा खाली-वर होतो. बाईंनी त्याला ‘मराठवाडी मींड’ असे नाव दिले.

कॅसेटचा वाद

मंडळात खरा तंटा झाला तो कॅसेटवरून. तबकडीवाल्यांना कॅसेट म्हणजे बाजारू वस्तू वाटे. तेवढ्यात एका रिक्षावाल्या सभासदाने प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेटची पिशवीच माडीवर आणून ओतली. जी घरे रेकॉर्ड प्लेअर कधीच घेऊ शकली नाहीत, त्या घरांत पहिले ‘आपले’ गाणे कॅसेटने नेले, हे त्याचे म्हणणे. वकीलसाहेबांनी नेहमीप्रमाणे उलटतपासणी केली. रिक्षावाला म्हणाला, “साहेब, तुमची रेकॉर्ड फुटली की तुम्ही रडता. माझी फीत अडकली की मी पेन्सिल घालून फिरवतो आणि परत ऐकतो. सांगा, टिकाऊ कोण?” वकीलसाहेब आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर झाले, असे वहीत आहे. नोंद वकीलसाहेबांच्याच हातची आहे.

कॅसेटने ‘फसले’ रकाना भराभर वाढवला. रेडिओवरून रात्रभर जागून टेप केलेली मैफल सकाळी लावावी आणि ऐन द्रुतात बाजू संपलेली असावी. वाद्यसंगीताच्या मध्येच आईचा आवाज, ‘दूध उतू गेलं’. आमच्या घरी एका नाट्यसंगीताच्या कॅसेटवर पुतण्याने पाढे म्हटले आहेत; सतराचा पाढा चुकतो आणि तिथून पुढे पुन्हा नाट्यपद सुरू होते. ती कॅसेट मी पुसलेली नाही.

थोरांचे फसले

आपल्या चुकांनी वही भरू लागली तेव्हा मागची काही पाने ‘थोरांचे फसले’ म्हणून राखली गेली. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, पण त्याचे पहिलेच गीत मुद्रणाआधी सुधीर फडके यांच्याकडून हरवले होते. गीतकार गदिमा संतापले. आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना कागद देऊन एका खोलीत बसवले आणि गीत पुन्हा लिहून झाले. पुढे एकूण ५६ गीते झाली. ‘हाफ टिकट’च्या (१९६२) एका गाण्याच्या मुद्रणाला लता मंगेशकर येऊ शकल्या नाहीत, म्हणून सलील चौधरींच्या चालीवर किशोर कुमारांनी स्त्री आणि पुरुष दोन्ही आवाज एकट्याने काढले, आणि ती अडचणच त्या गाण्याची ओळख झाली.

२०१२ मध्ये लोकमान्य टिळकांचा म्हणून एक आवाज प्रसिद्ध झाला. १९१५ च्या गणेशोत्सवात गाण्याच्या वेळी गडबड करणाऱ्या लोकांना टिळक दटावत आहेत, असे त्यात ऐकू येते. तो अस्सल की नाही यावर जाणकारांत वाद झाला, आपल्या माडीवरही झाला. मामू तेव्हा फार थकले होते. ते एवढेच म्हणाले, “गाणाऱ्याला गाऊ द्या, हे सांगायला जर टिळक लागले असतील, तर मग मी आयुष्यभर तुम्हाला सांगत होतो त्यात माझं काय चुकलं?”

आज

मामू गेले, शेठजी गेले, मग वकीलसाहेब गेले. बाई आहेत, आता ऐकायला कमी येते, तरी गती चुकली की त्यांनाच आधी कळते. नवीन मुले गाणी मोबाइलवर आणतात. त्यांना काहीही दोन सेकंदांत सापडते, म्हणून त्यांचा डावा रकाना पटापट भरतो. उजव्यात लिहायला मात्र त्यांना आमच्याकडे यावे लागते.

वकीलसाहेबांच्या पश्चात त्यांचे घर विकले गेले आणि सामान भंगारात गेले. भंगारवाल्याला आपला फोन नंबर पाठ आहे. त्याने कळवले, एक ट्रंक आहे, लोखंड थोडे आणि आत कागद फार. आम्ही गेलो. आत जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या तबकड्या होत्या आणि सर्वांत खाली, वेगळ्या कापडात, दोन तुकडे. लेबलवर अब्दुल करीम खाँ. तुकड्यांबरोबर वकिली कागदावर ओळ होती : ‘मुद्देमाल. मालक : मंडळ.’ शेठजी ज्यांच्यावर बसले ते खाँसाहेब एवढी वर्षे पुरावा म्हणून जपलेले होते. ही नोंद कुठल्या रकान्यात करायची, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “पहिल्यांदा उजवीकडे केली होती ना? आता डावीकडे कर. हिशेब जुळला.”

मंडळाची पुढची बैठक नेहमीप्रमाणे रविवारी आहे. वाचकांना विनंती अशी की, घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा डब्याच्या झाकणावर तबकडी असेल तर ती भंगारात देण्याआधी एकदा आमच्याकडे आणावी. उभी ठेवून आणावी, उन्हात ठेवू नये, आणि स्पिरिटने पुसू नये. लेबल वाचता येत नसले तरी चालेल. फुटलेली असली तरी चालेल. दोन्ही तुकडे मात्र आणावेत.